सकाळी सातला, उपाशीपोटी

सकाळी येऊन संध्याकाळी घरी जायचं अशी शस्त्रक्रिया असली, की पेशंटला आदल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जातात. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि सकाळी सातला हजर राहायचं. मी भूलतज्ज्ञ. आधी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात आणि नंतर पुण्यातल्या खासगी ऑपरेशन थिएटरांमध्ये माझी उभी हयात गेली. सातला आलेला माणूस दुपारी तीनला टेबलावर येतो तेव्हा त्याची अवस्था काय असते, हे सर्जनपेक्षा मला जास्त जवळून दिसतं, कारण त्याच्याशी शेवटचं बोलणारी मी असते. ओठांना पापुद्रे सुटलेले असतात, डोकं दुखत असतं, आणि सुई लावायला हात हातात घेतला तर शीर सापडत नाही. अर्ध्या तासाच्या हर्नियासाठी पंधरा तासांची तहान सोसून तो आलेला असतो, आणि वर 'मॅडम, माझा नंबर आला ना नक्की?' असं विचारून हात जोडतो. त्या जोडलेल्या हातांचा मला कायम राग येत आला आहे. राग त्याच्यावर नाही, त्याला हात जोडायला लावणाऱ्या रीतीवर.

ही रीत कुठून आली, हे मी बरीच वर्षं वाचून आणि जुन्या लोकांना विचारून शोधत राहिले. माझ्या हाती आलेलं उत्तर थोडक्यात असं. 'बारानंतर पाणी नाही' आणि 'सातला या' हे दोन्ही नियम दिवसाच्या शस्त्रक्रियेसाठी केलेलेच नव्हते. पहिला वॉर्डातल्या खाटेवर आठवडाभर पडून असलेल्या माणसासाठी केला गेला, दुसरा बाह्यरुग्ण विभागाच्या दारातून आला. पुढे खाट गेली, नियम राहिले. आणि ज्या माणसानं दिवसाची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा करून दाखवली, त्याच्या मनात पेशंटला ताटकळत ठेवण्याच्या अगदी उलट विचार होता.

१९०९ च्या जुलैत बेलफास्टला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची सभा भरली होती. तिथं जेम्स निकोल या ग्लासगोच्या सर्जननं आपल्या दहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. मुलांच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण दवाखान्यात ८,९८८ शस्त्रक्रिया. दुभंगलेले ओठ, हर्निया, वाकडी पावलं, कानामागच्या हाडातला पू. त्यातली कितीतरी मुलं तीन वर्षांच्या आतली, काही तर अंगावर पिणारी. शस्त्रक्रिया झाली की आईनं बाळाला शालीत गुंडाळायचं आणि घरी न्यायचं. पुढचे काही दिवस नर्स घरी जाऊन पट्टी बदलायची.

निकोलचं म्हणणं साधं होतं. टाके घातलेलं तान्हं मूल वॉर्डातल्या खाटेवर शांत पडून राहत नाही, ते रडतं आणि तळमळतं. आईच्या कुशीत ते निजतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईपासून तोडणं हेच मुळात अपायकारक. ज्या आया लांबून येत त्यांच्यासाठी त्यानं दवाखान्याजवळ एक लहानसं घर घेतलं होतं. तिथं आई आणि बाळ एकत्र राहू शकत, आईच त्याचं सगळं करी. इतक्या मुलांना विनाकारण दाखल करून घेणं म्हणजे रुग्णालयाच्या साधनांची नासाडी, असंही त्यानं स्पष्ट सांगितलं. पैसा वाचत होता, हे तर खरंच. पण त्याच्या मांडणीचं केंद्र होतं आई आणि मूल. ग्लासगोची ती वस्ती गिरणी-गोदीतल्या मजुरांची, एका खोलीत सगळं कुटुंब. आईला रुग्णालयात अडकवलं तर घरची बाकीची पोरं कोण बघणार, हे त्याला ठाऊक होतं. मला निकोल मोठा वाटतो तो ८,९८८ या आकड्यामुळे नाही, त्या लहानशा घरामुळे.

त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. सर्जन मंडळींचा खाटेवर विश्वास होता. हर्नियाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे अंथरुणात, हा शिरस्ता होता. आपल्याकडेही तेच. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते साठच्या दशकात. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, उताणं पडून राहायचं. आई तिला चमच्यानं पेज भरवायची. आज तेच ऑपरेशन आटोपून माणूस तासाभरात रिक्षात बसतो. त्या काळी पडून राहणं हाच उपचार समजला जाई. १९४७ साली रिचर्ड ॲशर या डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाचे धोके मोजून दाखवले: पायांत रक्ताच्या गाठी, फुप्फुसात कफ, पाठीला जखमा, हाडांची झीज. १९५५ मध्ये एडिंबराच्या एरिक फार्कहारसननं हर्नियाच्या पेशंटांवर जागा बधिर करून शस्त्रक्रिया केली आणि त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. त्याला घाई होती ती प्रतीक्षायादीची. खाट मिळत नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने ताटकळत होते, आणि खाटेची गरजच नव्हती.

खाटेच्या या काळातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. वॉर्डात पडलेल्या माणसाचा नंबर सकाळी नऊला लागला काय आणि दुपारी चारला लागला काय, तो तिथंच पडून असायचा. त्याला फार तहान लागली तर सिस्टर सलाईन लावायची. उशीर झाला तर तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याच्या तासांची किंमत कुणी मोजत नव्हतं आणि तेव्हा ती मोजण्याची गरजही कुणाला वाटली नाही. ऑपरेशनची यादी त्या सवयीवर बेतली गेली.

आता उपाशीपणाचं बघू. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथर देऊन दाखवलं. वर्षभरानं, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबराच्या जेम्स सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणला. पुढच्याच जानेवारीत, २८ तारखेला, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढण्यासाठी घरातल्या खुर्चीत बसली, रुमालावर क्लोरोफॉर्म हुंगला आणि काही मिनिटांत गेली. भुलीखाली झालेला हा नोंदलेला पहिला मृत्यू. शस्त्रक्रिया इतकी किरकोळ की आज तिला कुणी दाखलही करून घेणार नाही. तिला शुद्धीवर आणण्यासाठी डॉक्टरनं तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली होती. सिम्पसनचा दावा, ती त्यानं गुदमरली. तेव्हाचा भूलतज्ज्ञ जॉन स्नो म्हणाला, क्लोरोफॉर्मनंच हृदय थांबवलं. आज बहुतेक जण स्नोच्या बाजूनं आहेत. पण बेशुद्ध माणसाच्या घशातून काही खाली गेलं तर काय होतं, ही भीती आमच्या धंद्याच्या जन्माबरोबरच आली, आणि ती खोटी नाही. मीही ती बाळगून काम केलं. सांगूनसुद्धा साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला पेशंट, आजीनं हळूच बिस्किट भरवलेलं मूल, असे प्रसंग प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या वाट्याला येतात.

तरी जुने लोक भीतीनं आंधळे झाले नव्हते. जोसेफ लिस्टर, ज्यानं शस्त्रक्रियेला जंतुनाशकं शिकवली, त्यानं १८८३ साली लिहून ठेवलं की क्लोरोफॉर्मच्या वेळी पोटात घन अन्न नसावं, पण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप दिलेलं पेशंटला फार बरं. घन आणि पातळ यांत फरक, आणि दोन तासांचा हिशेब. आज जगभरच्या भूलतज्ज्ञ संघटना जे सांगतात ते जवळजवळ शब्दशः हेच. मग मधल्या शंभर वर्षांत तो चहा कुठं हरवला?

या प्रश्नावर बहुतेक जण कर्टिस मेंडेलसन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरचं नाव घेतात. १९४६ साली त्यानं ४४,०१६ बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भूल दिलेली असताना पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना त्याला सापडल्या. दोघी दगावल्या, आणि त्या दोघी घन अन्नानं गुदमरल्या होत्या. पातळ पदार्थानं त्रास झालेल्या बायका आजारी पडल्या, पण वाचल्या. सशांच्या फुप्फुसात पोटातलं आम्ल घालून त्यानं दाखवून दिलं की दाह होतो तो आम्लामुळे. कळा येत असलेल्या बाईचं पोट लवकर रिकामं होत नाही, तिला तोंडावर मुखवटा धरून गुंगी देत, श्वासनलिकेत नळी घालत नसत. त्या बायकांसाठी मेंडेलसननं तोंडावाटे काही देऊ नका असं सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

पुढच्या दोन दशकांत मात्र त्या अभ्यासाचा अर्थ भलताच ताणला गेला. बाळंतिणीचा नियम नखुरड्याच्या पेशंटला लागू झाला, आणि घन-पातळ हा फरक पाठ्यपुस्तकांतून पुसला गेला. उरलं एकच वाक्य: मध्यरात्रीनंतर काही नाही. आमच्या वॉर्डांतून त्याला 'एनबीएम', म्हणजे 'निल बाय माउथ', म्हणतात. रात्री सिस्टर खाटेला एनबीएमची पाटी अडकवते आणि मावशी उशाचा तांब्या उचलून नेते. बाराच का, दहा का नाही, तीन का नाही? पोटाच्या रिकामं होण्याशी या आकड्याचं काही नातं नाही. सकाळच्या यादीत कुणाचा नंबर कधी लागेल हे नक्की नसतं, म्हणून सगळ्यांनाच एका वेळी बंदी घातली की वर-खाली करायला मोकळीक राहते. माझं मत असं, की बाराचा आकडा रात्रपाळीच्या फेरीतून आला. एका फेरीत सगळा वॉर्ड आटपतो.

आणि हाच नियम घरून येणाऱ्या माणसाच्या हातात कागदावर लिहून दिला गेला. तो कसाऱ्याला राहतो. सातला परळला पोचायचं म्हणून पहाटेची लोकल पकडतो. गाडीत उभा. रुग्णालयात आल्यावर केसपेपर, फाइल, रिपोर्ट, सह्या. मग हिरवा गाऊन, घड्याळ आणि चष्मा नातेवाइकाकडे, कवळी डबीत, मंगळसूत्र काढायचं नसेल तर त्याला चिकटपट्टी. त्यानंतर थिएटरबाहेरचा बाक. तिथं घड्याळ असेल तर चष्मा नाही, चष्मा असेल तर सांगणारं कुणी नाही.

सगळ्यांना एकदम बोलावण्याची रीत बाह्यरुग्ण विभागातून आली. डॉक्टरनं एक मिनिटही रिकामं बसू नये म्हणून दाराबाहेर माणसांचा साठा करून ठेवायचा, हे इंग्लंडातल्या रुग्णालयांत चालत असे. १९५२ मध्ये नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञानं जे. डी. वेल्च यांच्यासह लॅन्सेटमध्ये त्याचं गणित मांडलं. सुरुवातीला दोघांना बोलवा, मग प्रत्येक तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतरानं एकेकाला. डॉक्टर क्वचितच रिकामा बसतो आणि पेशंटची वाट बघण्याची वेळ कितीतरी पटींनी कमी होते. इतकं सोपं, कागद-पेन्सिलीनं करता येण्यासारखं. सत्तर वर्षं होऊन गेली. आपल्या कितीतरी ओपीड्यांच्या दारांवर अजून सगळ्यांना नऊचीच वेळ लिहिलेली असते.

शस्त्रक्रियेचं गणित तपासणीपेक्षा अवघड असतं, हे मी मान्य करते. हर्निया अर्ध्या तासात होईल की दीड तास घेईल, हे पोट उघडल्यावर कळतं. पहिल्याचा रक्तदाब चढलेला निघतो, दुसऱ्या पोराला सर्दी असते, तिसऱ्याचा रिपोर्ट आलेला नसतो. मध्येच तातडीचं सिझेरियन येतं आणि टेबल तिकडे जातं. ते गेलंच पाहिजे. यादीतला क्रमही आमच्या मर्जीचा नसतो: लहान मुलं आधी, मधुमेहाचे पेशंट शक्य तितके लवकर, आणि पू असलेल्या केसेस सगळ्यात शेवटी, म्हणजे थिएटर इतरांसाठी स्वच्छ राहतं. यात एक क्रौर्य दडलेलं आहे. मूळव्याध, भगंदर, गळू यांचे पेशंट कायम शेवटी. ज्याला बसवत नाही त्यालाच सातपासून बाकावर बसवायचं. असाच एक रिक्षाचालक मला आठवतो. बाकावर एका कुशीवर कललेला, आणि शेवटी भिंतीला टेकून उभाच राहिलेला. त्याचा नंबर शेवटी आहे हे आम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं. त्याला दुपारी बारा वाजता बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न त्या दिवशी मी थिएटरमध्ये मोठ्यानं विचारला. 'मॅडम, दाखल सकाळीच होतात, रजिस्टर सकाळीच भरतं,' असं उत्तर मिळालं.

लहान मुलांचं आणखी वेगळं. मूल उपाशी असताना आपल्याकडची आई जेवत नाही. वडील वडापाव आणून देतात, ती पिशवी तशीच हातात धरून बसते. रडून थकलेलं मूल आणि रात्रीपासून उपाशी असलेली आई अशी जोडी थिएटरच्या दाराशी येते, आणि आम्ही तिला सांगतो, 'घाबरू नका.'

वाट न बघता दिवसाची शस्त्रक्रिया आपल्याकडे झालीच नाही असं नाही. याच मुंबईत झाली, आणि तीही रेल्वे स्टेशनांवर. १९६७ च्या सुमारास पालिकेच्या कुटुंबनियोजनाचं काम पाहणाऱ्या डॉ. दत्ता पै यांनी गर्दीच्या स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रं उघडली. लोकलमधून उतरायचं, आत जायचं, जागा बधिर करण्याचं इंजेक्शन, थोड्या वेळात काम आटोपलं की पुढची गाडी. उपाशी राहणं नाही, खाट नाही. पेशंट जिथं असतो तिथं शस्त्रक्रिया न्यायची, ही त्यातली कल्पना निकोलइतकीच मोठी होती. तिचं पुढं काय झालं हेही इतिहासातच आहे. आकड्यांचा हव्यास सुटला, आणीबाणीत सक्ती आली, १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं तो कायदा झाला नाही. पण पुरुष या शस्त्रक्रियेला जे बिचकले ते कायमचे, आणि सगळा भार बायकांवर आला.

दुर्बिणीतून होणाऱ्या नसबंदीची शिबिरं ही आपल्या देशातली दिवसाच्या शस्त्रक्रियेची सगळ्यात मोठी चळवळ. तिचा इतिहास लिहिताना माझा हात जड होतो. निवासी डॉक्टर असताना आम्हाला अशा शिबिरांना पाठवत. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीत सकाळी आठपासून बायका बसलेल्या. रात्रीपासून पोटात काही नाही, मांडीवर अंगावर पिणारं मूल, सोबत सासू किंवा बहीण. सर्जनची गाडी दुसऱ्या तालुक्यातलं शिबिर आटपून यायची होती. ती यायला दुपार उलटून गेली. तोवर बायका एकमेकींना वारा घालत होत्या. मग एकेकीला पाच-दहा मिनिटांत, आणि नंतर ओसरीवर अंथरलेल्या सतरंज्यांवर रांगेनं निजवलेल्या. घाई सर्जनला होती, वाट बायकांनी बघितली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या कित्येक जणींचा जीव गेला. १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास खटल्यात ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला. दिवसभर ताटकळत ठेवणं आणि मग घाईनं उरकणं, दोन्हीच्या मुळाशी मला एकच वृत्ती दिसते: समोरच्या बाईच्या वेळेला आणि देहाला किंमत नसणं.

दिवसाच्या शस्त्रक्रियेची स्वतंत्र घरं बांधली ती मात्र आमच्याच बिरादरीनं, आणि याचा मला अभिमान आहे. राल्फ वॉटर्स या भूलतज्ज्ञानं अमेरिकेत आयोवातल्या सू सिटी गावी अशी एक छोटी जागा चालवली आणि १९१९ मध्ये तिच्याविषयी लिहिलं. १९७० च्या फेब्रुवारीत ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड यांनी 'सर्जिसेंटर' सुरू केलं. हे दोघेही भूलतज्ज्ञ. वेगळ्या इमारतीचा फायदा उघड आहे: तिथं मध्येच तातडीची केस घुसत नाही, आणि दिवसाचा पेशंट वॉर्डातल्या पेशंटच्या मागं ढकलला जात नाही. औषधंही बदलली. माझ्या शिकण्याच्या काळात ईथर घेतलेला माणूस संध्याकाळपर्यंत ओकत असे. मग हॅलोथेन रुळलं, नव्वदच्या दशकात आपल्याकडे प्रोपोफॉल आलं. पेशंट थिएटरमधून बाहेर येता येता 'झालं का?' विचारू लागला.

आपल्याकडे त्याला घरी जाऊ देईना तो विमा. १९८६ मध्ये मेडिक्लेम सुरू झाली तेव्हा पैसे मिळायचे तर चोवीस तास दाखल असणं ही अट होती. मोतीबिंदूसारख्या काही प्रक्रियांना सूट मिळत गेली, यादी वाढत गेली, पण कितीतरी वर्षं संध्याकाळी ठणठणीत असलेला माणूस केवळ कागदासाठी रात्र काढून जाई. ती अट सैल झाली तशी संध्याकाळची नवी वाट सुरू झाली. डॉक्टरनं चारला 'जा' म्हटलं तरी विमा कंपनीचं मंजुरीपत्र आल्याशिवाय बिल होत नाही. पेशंट कपडे करून, पिशवी भरून खाटेच्या कडेला बसलेला. २०२४ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तीन तासांची मुदत घातली. तीन तासही थोडे नाहीत, पण निदान कुणीतरी घड्याळ लावलं.

घरी सोडण्याआधीच्या आमच्याही काही अटी होत्या. पाणी पिऊन दाखवा, लघवी करून दाखवा, मग जा. नर्स दर अर्ध्या तासानं येऊन विचारायची, आणि माणूस संकोचानं नाही म्हणायचा. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातून १९९२ मध्ये एक अभ्यास आला. ज्या मुलांना घरी जाण्याआधी पाणी प्यायलाच लावलं ती जास्त ओकली आणि जास्त वेळ अडकली. मनाला येईल तेव्हा पिऊ दिलं ती आधी घरी गेली. कण्यात इंजेक्शन दिलेल्यांचं किंवा गुदद्वाराच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटचं वेगळं, त्यांची लघवी तपासावीच लागते. बाकीच्यांना थांबवण्यात अर्थ नव्हता.

आणि लिस्टरचा चहा परत आला. कॅनडात कॅल्गरीला रॉजर मॉल्टबी यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी प्यायलेल्यांच्या पोटात उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त काही नसतं, उलट कमीच निघतं. १९९९ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम लिहिला: पाणी आणि पातळ, स्वच्छ पेय दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, हलकं खाणं सहा तास. मुलांसाठी युरोपातल्या संघटनांनी २०१८ मध्ये पाण्याची मुदत एका तासावर आणली. आपल्या भारतीय संघटनेनंही २०२० मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही पाण्याला दोन तास. विज्ञानाचा निकाल लागून गेला आहे. तरी या वर्षीसुद्धा माझ्या भाचीला एका मोठ्या रुग्णालयातून आदल्या संध्याकाळी निरोप आला तो 'बारानंतर पाणीही नाही' असाच. तिचा नंबर दुपारी दोनचा होता.

निवृत्तीआधीची काही वर्षं मी एका लहान डे-केअर केंद्रात काम केलं. तिथं मालकीण असलेल्या सर्जन बाई ऐकणाऱ्या होत्या. आम्ही यादीचे दोन भाग केले. पहिल्या भागाला सातला बोलावणं, दुसऱ्याला अकराला. आदल्या संध्याकाळी सिस्टर प्रत्येकाला फोन करायची आणि शेवटचं जेवण कधी, शेवटचं पाणी कधी, हे घड्याळाच्या आकड्यात सांगायची. आपला चहा दुधाचा, म्हणून तो नाही. कोरा चहा, गाळलेलं लिंबाचं सरबत किंवा साधं पाणी चालेल, हे नाव घेऊन सांगायची. गळूवाल्याला दुपारीच बोलवायचं. आईला सांगायचं की तुम्ही खाऊन या, तुम्हाला उचलून घ्यायचं आहे त्याला. हे सगळं फुकट झालं नाही. अधूनमधून पहिल्या भागातली एखादी केस रद्द व्हायची, दुसऱ्या भागातला माणूस अजून वाटेत असायचा, आणि सर्जन, मी, दोन सिस्टर आणि थिएटरचे मामा असे सगळे वीस-पंचवीस मिनिटं रिकामे. सुरुवातीला त्यावरून कुरबुर झाली. मी म्हटलं, पाच जणांनी अर्धा तास थांबायचं की बारा जणांनी आठ तास, ते ठरवा.

थिएटरच्या रजिस्टरमध्ये आत घेतल्याची, चीर दिल्याची, शेवटच्या टाक्याची आणि बाहेर काढल्याची वेळ लिहितात. आम्ही पट्टीनं आणखी दोन रकाने आखून घेतले: दारातून कधी आला, आणि शेवटचं पाणी कधी प्यायला. महिनाअखेरीस त्या दोन रकान्यांची बेरीज सर्जन बाई स्वतः वाचत. माझ्या जागी आलेल्या भूलतज्ज्ञ मुलीनं ते आता संगणकावर घेतले आहेत. तिचा मागच्या महिन्यात फोन आला होता. मुलांच्या यादीला ती आता एक तास आधीपर्यंत पाणी देते, आणि सर्जन बाईंनी त्याला हरकत घेतलेली नाही.